सापायो की आउयामा

गाल सुजलेला एक शिंपी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसला होता. शेजारच्या बाकावर दोघी बहिणींचं चांगलंच जुंपलं होतं. धाकटी एका स्पॅनिश कादंबरीचं इंग्रजीत भाषांतर करत होती, एवढं एव्हाना त्याला कळलं होतं.

"संपादक म्हणतात ना, सगळीकडे 'पम्पकिन' लिहा? मग लिहून मोकळी हो की!"

"ताई, गोष्टीत दोन जावा आहेत. एक म्हणते सापायो, दुसरी म्हणते आउयामा."

"वस्तू एकच ना?"

"भोपळाच. पण दोघींची माहेरं दोन देशांतली. त्या नावावरून असं पेटतं, की घरात चुली वेगळ्या होतात."

"मग?"

"मग इंग्रजीत एक ओरडणार, 'हा पम्पकिन आहे!' आणि दुसरी किंचाळणार, 'मुळीच नाही, हा पम्पकिन आहे!'"

शिंप्याला हसू फुटलं आणि दाढेतून सणकन कळ गेली.

"अगं, काम काढून घेतील तुझ्याकडून. वर्षभराच्या मेहनतीचा भोपळा होईल."

"होऊ दे. बाईनं माहेराहून आणलेला शब्द मी तिच्या तोंडातून काढून घेणार नाही."

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला.

"बोला. नाही, दोन्ही शब्द राहतील. नाही म्हटलं ना! पटत नसेल तर दुसरं कुणी बघा."

आतून शिंप्याला हाक आली. तो जागचा हलला नाही.

धाकटी बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग तिनं फोनवर हात ठेवला.

"काय गं, काय म्हणतायत?"

"आउयामाचं स्पेलिंग विचारतायत."