तिसऱ्याचं काय?

...नाही, पण मी म्हणतो, प्रश्न विचारला म्हणजे काय गुन्हा केला का मी? वर्ग कशासाठी असतो? विचारण्यासाठीच ना? भिंतीवर हा एवढा मोठा कागद चिकटवलाय, त्यावर सिस्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'शंका मनात ठेवू नका.' बरं, नाही ठेवली! हात वर केला आणि विचारलं, "सिस्टर, तिसऱ्याचं काय?" तर अख्खा वर्ग फिसकन हसला हो! पाच जोडपी, पाच चटया, आणि माझ्या शेजारचा तो चष्मेवाला, मांडीवर सरावाची बाहुली घेऊन बसलेला, तो वळून मला म्हणतो, "अहो, आधी पहिलं तर होऊ द्या, तिसऱ्याचं मग बघू!"

तिसरं मूल नाही हो! तिसरा टप्पा!

तुम्हाला सांगतो, बाळंतपणाचे तीन टप्पे असतात. हा वर्ग होता होणाऱ्या आईबापांचा, दर शनिवारी सकाळी, दवाखान्याच्या तळमजल्यावर. शिकवायला थोरल्या सिस्टर. तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या, आवाज असा की पोटातलं बाळसुद्धा दचकून सरळ बसेल. हातात लोकरीची विणलेली पिशवी, तोंडाशी घट्ट. ते म्हणजे गर्भाशय. आत बाहुली. "पहिला टप्पा! कळ येते, कळ जाते, आणि प्रत्येक कळेला हे तोंड पातळ होतं, थोडं थोडं उघडतं. दहा सेंटीमीटर उघडेपर्यंत पहिला टप्पा! पहिलटकरणीला बारा तास लागतील, अठरा लागतील, कुणी घड्याळाशी भांडायचं नाही!" पाऊण तास पहिला टप्पा. चालायचं कसं, टेकायचं कसं, कळ आली की श्वास लांब कसा सोडायचा, नवऱ्याने कंबर कुठे दाबायची... आम्ही पाचही नवरे तळहात दाबून दाबून घामाघूम. मग दुसरा टप्पा. "आता जोर! डोकं दिसलं, खांदे आले, आणि... बाळ!" बाहुली टुपकन बाहेर, सगळ्यांच्या टाळ्या, एकीच्या तर डोळ्यांत पाणी. आणि मग सिस्टरांनी ती पिशवी उलटी केली, झटकली, आणि म्हणाल्या, "तिसऱ्या टप्प्यात वार पडते. झालं. चला, चहा घ्या."

झालं? एका वाक्यात? पाऊण तास तोंड उघडायला आणि तिसऱ्याला एक वाक्य? सगळे चहाकडे निघाले आणि मी चटईवर तसाच. मला सांगा, तिसऱ्याचं काय?

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस एवढा का मागे लागलाय. तर सांगतो.

माझी आई तिसऱ्या टप्प्यात गेली. मी झालो तेव्हा.

घरात हे कुणी बोलत नव्हतं. वडील शिंपी. दिवसभर मशीन, आणि माझ्या वाढदिवसाला तर मशीन सकाळपासून असं चालायचं की जणू सगळ्या गावाला त्याच दिवशी नवे कपडे हवेत. मला वाढवलं आत्याने. अकरा वर्षांचा असताना मीच तिला खोदून खोदून विचारलं, तेव्हा चादरीची घडी घालता घालता सांगितलं तिने. म्हणाली, "सगळं चांगलं झालं होतं रे. तू आलास, रडलास. आम्ही सगळे तुझ्याभोवती. तुला पुसतोय, तुला गुंडाळतोय, नाक कुणासारखं, कान कुणासारखे... आणि ती म्हणाली, मला थंडी वाजतेय. तर मीच म्हटलं, अगं, आता आराम कर." एवढं बोलली आणि चादर परत उलगडून परत घडी घालायला लागली. रक्त थांबलंच नाही. आणि ते कळायला वेळ लागला, कारण कुणी बघतच नव्हतं.

आत्या धरून सहा माणसं होती म्हणे खोलीत. आणि तुम्हाला सांगतो, त्या सहाच्या सहा जणांनी मला कधी ना कधी सांगितलंय की मी कसा दिसत होतो. काय जावळ होतं, काय मुठी आवळल्या होत्या, डाव्या कानावर कशी लव होती! एकालाही सांगता येत नाही ती कशी दिसत होती. मी विचारलंय हो. एकेकाला गाठून विचारलंय. "शांत होती," म्हणतात. शांत! अरे, शांत होती म्हणजे काय?

तेव्हा वर्गात लोक टप्पे शिकत होते आणि मला मात्र बाहुली बाहेर आली की टाळ्या वाजवणारे ते सगळे... ते सगळे त्या खोलीतले वाटायचे. तीच माणसं. पाठ करून उभी.

आता बायकोला हे माहीत होतं का? आई गेली, माहीत होतं. कशी गेली, नव्हतं. सातव्या महिन्याच्या बाईला कोण सांगेल? मी मोठ्या शहाणपणाने गप्प. नुसता गप्प नाही, तर गप्प राहून दर शनिवारी हात वर! दुसऱ्या शनिवारी, "तिसऱ्याचं काय?" तिसऱ्या शनिवारी मी हात वर करायच्या आतच चष्मेवाला म्हणाला, "सिस्टर, यांचं तिसऱ्याचं सांगून टाका बुवा!"

आणि माझी बायको बस चालवते, हे लक्षात घ्या. शहरातली मोठी, लांबलचक बस. तिला आरशात मागचे चाळीस लोक एकदम दिसतात, तिला मी दिसणार नाही? वर्ग सुटल्यावर दवाखान्याच्या पायरीवर बसली. "बस इथे. काय आहे तुझं हे तिसरं?"

"काही नाही. सहज."

"सहज? झोपेत माझ्या नाकाशी बोट धरून बघतोस, ते पण सहज?"

मग सांगितलं. सगळं. चादरीच्या घडीसकट. मला वाटलं आता ही रडेल, घाबरेल. ती समोरच्या सायकलींकडे बघत म्हणाली, "मूर्खा. मी घाबरू नये म्हणून तू गप्प, आणि तुझं तोंड बघून मी दोन महिने रोज घाबरतेय! मला वाटलं, तुला बाळच नकोय."

...आता बोला!

उठली, माझा दंड धरला, आणि सरळ परत आत. सिस्टर उशा गोळा करत होत्या. "सिस्टर, याची आई वार पडताना रक्त जाऊन गेली. याला नीट सांगा. मलाही."

सिस्टरांनी उशा खाली ठेवल्या. तो आवाज, तो मोठा आवाज, कुठे गेला कोण जाणे. हळू बोलल्या. म्हणाल्या, बाळ आलं की आम्ही मांडीत इंजेक्शन देतो, गर्भाशय आवळायला. वार पडली की ती पूर्ण आहे का ते उलगडून बघतो. पोटावर हात ठेवून बघतो, गर्भाशय चेंडूसारखं घट्ट लागलं पाहिजे. मऊ लागलं तर चोळतो, आणखी औषध देतो. आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी बघतो. रक्त जास्त जाऊच शकतं, कधीकधी जातंच, पण आम्ही त्याची वाट बघत उभ्याच असतो. मग म्हणाल्या, "चुकलंच माझं. बाहुली आली की लोकांचं लक्ष उडतं, म्हणून मी तिसरा उरकते. पुढच्या वर्गापासून नाही उरकणार."

बायको मला म्हणाली, "तू बाळाकडे बघायचं नाहीस. माझ्याकडे बघायचं. ठरलं?"

ठरलं म्हटलं.

आणि मग आला की तो दिवस! मी लिफ्ट दुरुस्त करतो, तेव्हा मी कुठे असणार? सात मजली इमारतीच्या माथ्यावर, मोटारीच्या खोलीत, कोपरापर्यंत ग्रीस. सकाळी दहाला फोन. "कळा सुरू झाल्यात. घाई नाही. हातातलं काम संपवून ये." घाई नाही म्हणे! सातही मजले पायऱ्यांनी उतरलो, कारण लिफ्ट मीच उघडून ठेवली होती! घरी पोचतो तर बाईसाहेब कपडे वाळत घालतायत. कळ आली की खिडकीच्या कट्ट्यावर टेकायचं, लांब श्वास सोडायचा, गेली की पुढचा टॉवेल. मी वही घेऊन मागे. "बारा मिनिटं! ...नऊ मिनिटं! पन्नास सेकंद टिकली!" ती म्हणाली, "कळा मला येतायत, स्टेशनमास्तरासारखा ओरडू नकोस. कंबर दाब." दाबली. "खाली." खाली. "हां. आता बोलू नकोस."

पाच मिनिटांवर कळा आल्या तेव्हा निघालो. दवाखान्यात थोरल्या सिस्टरच होत्या. तपासलं, "चार सेंटीमीटर. छान." चार? एवढ्या सगळ्या टॉवेलांनंतर चारच? मग चालणं. व्हरांड्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे, ती माझ्या गळ्यात हात टाकून लोंबकळते, मी कंबर दाबतो. दुपारी तीनला, चारला... आणि मग एकदम माझी कॉलर धरली आणि म्हणाली, "मी घरी चालले. मला नाही जमत हे. तू कर." मी सिस्टरांकडे धावलो, सिस्टर, ती घरी चालली! तर सिस्टर खूश! "घरी जाते म्हणाली? शाब्बास! म्हणजे नऊ तरी झाले असतील." तपासलं तर साडेनऊ.

आणि दुसरा टप्पा. तो मी काय सांगू? माझी बोटं तिच्या मुठीत होती, अजून दोन वाकडी आहेत, बघा. सिस्टर म्हणत होत्या, "आता जोर... थांब... फुंकर मार, नुसती फुंकर..." आणि पावणेसहाला, खिडकीतून तिरकं ऊन भिंतीवर आलेलं असताना, बाळ आलं. रडलं. सगळे एकदम काहीतरी बोलले. बायकोच्या छातीवर ठेवलं, वरून कापड घातलं, धाकटी सिस्टर हसली, डॉक्टरीणबाई हसल्या, सगळ्यांच्या माना तिकडे...

आणि तुम्हाला काय सांगू! तीच खोली. मी आयुष्यभर जी ऐकून होतो ती. मी ओरडलो, "तिसऱ्याचं काय?"

"चाललंय हो!" थोरल्या सिस्टर म्हणाल्या. मान वर न करता. त्या एकट्या बाळाकडे बघत नव्हत्या. त्यांचा हात बायकोच्या पोटावर होता.

वार पडली. उलगडून बघितली, पूर्ण होती. आणि मी बायकोच्या तोंडाकडे बघत होतो. ठरल्याप्रमाणे. ओठ पांढरे. आणि ती म्हणाली, "मला थंडी वाजतेय."

...

थांबा हो. पाणी पितो जरा.

सिस्टर म्हणाल्या, "मऊ लागतंय." एवढेच दोन शब्द. आवाज नाही चढवला. पण खोलीतलं हसणं एका क्षणात पुसलं गेलं, डॉक्टरीणबाई इकडे, दुसरं इंजेक्शन, हातात सलाईन, सिस्टर पोट चोळतायत, कापडं बदलली, परत बदलली. मी कापडांकडे नाही बघितलं. मी म्हटलं, "सिस्टर, मी काय करू?"

"बोला तिच्याशी. झोपू देऊ नका. बोलत राहा."

काय बोलू? आयुष्यभर लिफ्टशी बोललेला माणूस मी! काही सुचेना, तर तिच्या बसचे थांबे म्हणायला लागलो. "डेपो... पोस्ट ऑफिस... जुना पूल... वाचनालय... कापड गिरणी..."

ओठ हलले. "काय?" मी वाकलो.

"वाचनालयानंतर... पाण्याची टाकी."

"चुकलो! पाण्याची टाकी! मग कापड गिरणी, मग शाळा..."

"शाळा... दुसऱ्या बाजूला."

रडत रडत थांबे म्हणत होतो हो मी! शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, परतीचे म्हटले, आणि परतीला जुन्या पुलावर असताना सिस्टर म्हणाल्या, "घट्ट झालं." माझा हात ओढला आणि तिच्या बेंबीखाली ठेवला. "बघा. चेंडू."

खरंच चेंडू. मी हात काढेचना. पंधरा मिनिटांनी परत बघितलं, चेंडू. तीस मिनिटांनी, चेंडू. तिच्या गालांवर रंग आला, पाणी मागितलं, प्यायली, आणि म्हणाली, "आता त्या बिचाऱ्यांना फोन कर जा."

व्हरांड्यात येऊन फोन लावला. वडिलांनी अर्ध्या रिंगला उचलला. हॅलो नाही, काही नाही. "ती कशी आहे?"

"बरी आहे. बोलतेय."

"रक्त?"

"गेलं थोडं. थांबलं."

"नक्की थांबलं?"

"मी हात लावून बघितलं, बाबा."

मग ते गप्प. मीही गप्प. छत्तीस वर्षांत आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता, आणि माझा त्यांना येत असेल. तेवढ्यात आत्याने फोन हिसकावला. "अरे, काय मेल्यासारखे दोघं गप्प बसलात? मुलगा की मुलगी?"

मी तोंड उघडलं. मिटलं. दाराकडे बघितलं.

"आत्या," म्हटलं, "फोन ठेवू नकोस हं... आत जाऊन विचारून येतो."