सातच्या वरचा दाब

बंद नका करू लगेच. चालू ऱ्हाऊ द्या इंजन — पळवून आनलंय न्हवं, मग जरा दम खाऊ द्या तिला. आतला पंखा तापून लाल झाला आसंल, इंजन बंद केलं की त्येचं तेल थांबतंय आनि मग बेरिंग जळतंय. — मला कसं कळलं? आवाजावरनं. फुटलेलं चाक आपटत आलासा तुमी, तरी त्या फताफताच्या खाली शिट्टी ऐकू येत व्हती. सांगली-साताऱ्यात आशी शिट्टी घालनारी गाडी एकच मानूस करतो, केरबा मिस्त्री. त्येच्याकडनंच आलासा न्हवं? … व्हय, वळखतो. लय चांगला वळखतो. बसा त्या बाकड्यावर, पावणं, बादशहाच्या दुकानात उभं ऱ्हायाचं न्हाई कुनी. माझा उजवा पाय वाकत न्हाई, म्हनून जॅक लावाय वेळ लागतो. तेवढं सोसा. — इंजनात हवेचा दाब किती ठिवलाय त्येनं? … आठ. हं. आठ म्हनतोय काटा.

न्हाई, मी कुठं काय म्हटलं? मी निस्तं हं म्हटलं. — बरं, ऐकायचंच हाय तर ऐका. आमी दोघं एका पलटनीतलं. त्यो वर्कशॉपला, मी गाडीवर. पासष्टच्या लढाईत माझी बंद पडलेली ट्रक त्येनं चालू करून दिली आनि मी त्येला त्याच ट्रकमधनं भाईर काढला — कुनी कुनाला वाचिवलं ह्याच्यावर आमी पुढं कैक वर्सं भांडलो, हसत हसत. फौजेतनं सुटल्यावर मी इथं लोणंदला आलो, मालट्रकवर लागलो, त्येनं सांगलीत ग्यारेज टाकलं. पाटणकडं धरणाच्या कामावरची परदेशी यंत्रं मोडीत निघाली व्हती, त्यातनं त्येनं ह्ये टर्बो उचलून आनलं — गोगलगाईच्या शंखागत दिसनारं लोखंड. इंजनाचा धूर भाईर जाता जाता एक पंखा फिरिवतो, त्येच्याच दांड्यावर दुसरा पंखा, त्यो हवा दाबून इंजनात भरतो. हवा जादा म्हंजी पेट्रोल जादा, पेट्रोल जादा म्हंजी ताकद जादा. एक जुनी विलायती गाडी व्हती, दोन दारांची, तिला बसिवलं. सुट्टी मिळाली की मी सांगलीला. अकिला, आमची बायको, शेजारणीला सांगायची, माझी सवत सांगलीत हाय आनि ती चार चाकांवर उभी हाय.

किती दाबायचं — सगळी मेख तिथं. आनि खरं सांगू? अधाशी मीच. पाच पौंडाला गाडी उडाय लागली तर मी म्हनायचो सहा कर, सहा केलं तर म्हनायचो सात. सातला केरबा थांबला. म्हनला, 'बादशा, बास. आपल्या पंपावरचं पेट्रोल ह्ये असलं. हवा दाबली की तापती, आनि लय तापली की पेट्रोल ठिणगीची वाट बघत न्हाई, आपलं आपन पेटतंय. मग आतनं खडखड येती, पत्र्यावर खडं टाकल्यागत. ती खडखड म्हंजी पिस्टनवर घन पडत्यात. दोन-चार घाव सोसंल, मग भोक. ठिणगी पडायची येळ मी मागं सारलीया, म्हनून सात तरी चालतंय. इंजन गेलं तर दुसरं आनू, पर गाडीत तू बसतोस.' — आसं म्हनला. गाडीत तू बसतोस. मग त्येनं एक स्प्रिंगचा व्हॉल्व बसिवला, सातच्या वर गेलं की हवा फुस्स करून भाईर. आनि माझ्यापुढं दाबाचं घड्याळ. म्हनला, काट्याकडं बघून हाकायची. त्या काट्याच्या शब्दाभाईर मी कवा गेलो न्हाई, पावणं.

मग आली म्हसवडची शर्यत. आनीबानीच्या आदल्या वर्सी. पुन्याचं मोटारवालं आलं व्हतं, म्हसवडच्या अलीकडं माळावर सरळ सडक हाय, तिथं पळवायचं ठरलं. भर दुपार, डांबर पायाला चिकटत व्हतं. केरबा सिद्धनाथाला नारळ फोडून आला, माझ्या पट्ट्याची कडी त्येनं सोता आवळली — पर बोलला काय न्हाई. एरवी त्येचं त्वांड बंद नसायचं. मला वाटलं, घाबरलाय. निशान पडलं, सुटलो. आनि गाडी, काय सांगू तुमाला, पाठीतनं कुनी ढकलतंय आसं वाटलं, ती आमची गाडीच न्हवं. पुन्यावाला मागं पडला, लय मागं. मधीच खडखड आल्यागत वाटली. काट्याकडं बघितलं — सात. म्हटलं, सात हाय तर खडखड कशाची, सडकंचं खडं उडत आसतील. पाय उचलला न्हाई. — कशाला उचलू? काटा सातवर व्हता न्हवं? — मग बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला, मागची चाकं जाग्याला धरली, गाडी आडवी झाली, मग उतानी, आनि बाभळीत जाऊन थांबली.

मी आत उलटा लटकलेलो, गुडघा स्टेरिंगच्या दांड्याखाली चिरडलेला. मुंडी खाली असली की मानसांचं पायच दिसत्यात. केरबाचं पाय वळखलं मी, पळत येत व्हतं. म्हटलं आला. — तर ते पाय माझ्या दाराशी आलं न्हाईत, पावणं. बॉनेटाकडं गेलं. तिथं थांबलं. आनि त्येचा आवाज ऐकू आला, कुनाला म्हनत न्हवता, सोताशीच. 'अकरा सोसलं की गं. अकरा सोसलं.' लेकीचं कौतुक करावं तसं.

अकरा? माझा काटा तर सातवर. … व्हय, तुमाला आत्ता कळलं, मला तवा तिथं उलटं लटकल्यावर कळलं. स्प्रिंगखाली वायसर सारून त्येनं व्हॉल्व अकराला आवळला व्हता आनि घड्याळाचा काटा उपटून मागं बसिवला व्हता. किती सोसंल ह्ये त्येला बघायचं व्हतं. बघितलं. माझ्यावर बघितलं.

मिरजेच्या दवाखान्यात आला त्यो. रडला बी. मी म्हटलं, रडू नगं, येवढंच सांग, मला का सांगितलं न्हाईस? त्यो म्हनला, 'सांगितलं आसतं तर तू पाय उचलला आसतास रं.'

पाय उचलला आसता. … पासष्टला गोळ्या पडत व्हत्या आनि ट्रकात मागं त्यो सोता बसला व्हता, तवा न्हवता उचलला. — मी बसलो आसतो, पावणं. अकराला बसलो आसतो, बाराला बसलो आसतो. 'बादशा, फुटंल बहुतेक, पर बघू या का?' — येवढं इचारलं आसतं तर मी हसत बसलो आसतो, आनि फुटलं आसतं तर ते दोघांचं फुटलं आसतं. मग ह्यो पाय गेल्याचं बी मला काय वाटलं नसतं. अकिलाला ह्ये सांगितलेलं न्हाई. तिला वाटतं मला पायाचा राग हाय. तुमाला कशाला सांगत बसलो मी?

चाक झालं. एक करा मातर — त्येच्या काट्यावर जाऊ नका. दुसरं घड्याळ आना, शेजारी जोडून बघा, दोनी काटं एक बोलत्यात का. … काय? त्येनंच दाखिवलं? दोन घड्याळं लावून? … आनि पयल्या फेरीला शेजारी कोन व्हतं? … सोता बसला. बरं. … आठला किती येळ ठिवायचं, नवाला काय फुटंल, खडखड आली तर काय करायचं — समदं. दोनदा सांगितलं त्येनं तुमाला.

तुमची त्येची वळख किती दिसांची? … म्हंजी गाडी घेऊन गेलासा तवाचीच.

न्हाई, त्येला काय सांगू नका. माझं नाव बी नगं. त्यो पान्हा द्या इकडं. निघा तुमी.