जेवायला सोबत

(समाजकार्य महाविद्यालय. उद्योजकतेचा तास संपलाय. वर्गात बाई आणि एक विद्यार्थिनी. उद्याच्या परीक्षेसाठी तिची योजना: एकट्या वृद्धांना जेवताना सोबत देण्याची सेवा.)

विद्यार्थिनी: पण बाई, एकट्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून जेवायचे पैसे कुठल्या तोंडानं मागू?

बाई: ज्या तोंडानं जेवणार आहेस, त्याच!

विद्यार्थिनी: थट्टा नको ना. उद्या परीक्षक दर विचारतील आणि माझी जीभच वळायची नाही.

बाई: मागच्या वर्षीच्या पोरांचीही नव्हती वळली. सगळी सेवा फुकट दिली. परीक्षा संपली आणि येणं बंद. ती म्हातारी माणसं बसली दाराकडे डोळे लावून. चल, सराव करू. मी गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, काय शिकवलंय?

विद्यार्थिनी: आपली योजना सांगत सुटायचं नाही. ‘आवडेल का’ विचारायचं नाही. मागच्या वेळी काय झालं, तेवढंच विचारायचं.

बाई: मग विचार की.

विद्यार्थिनी: काल रात्री कुणाबरोबर जेवलात?

बाई: रेडिओबरोबर.

विद्यार्थिनी: आणि काय जेवलात?

बाई: परवाचं. दोघींच्या मापानं रांधायची सवय जात नाही. मग उरलेलं पुरवून खाते.

विद्यार्थिनी: दोघी म्हणजे?

बाई: मी आणि माझी ताई. तोंडात घास असला तरी तिची टकळी चालूच. मी म्हणायचे, जरा गप्प जेवू दे गं बाई! ती गेल्यापासून गप्पच जेवते. फार आठवण येते तिची.

विद्यार्थिनी: बाई...

बाई: हात सोड माझा! झालं तुझं समुपदेशन सुरू. गिऱ्हाइकाचे डोळे भरले की तुम्ही समाजकार्यवाले धंदा विसरलातच. पुढचा प्रश्न?

विद्यार्थिनी: हे खरं होतं, की सरावापुरतं?

बाई: हा प्रश्न मी शिकवलेला नाही.

विद्यार्थिनी: मी येते गुरुवारी जेवायला. तुमच्याकडून पैसे नाही घेणार.

बाई: मग येऊच नकोस.

विद्यार्थिनी: असं काय हो करता?

बाई: फुकट येणाऱ्याला उशीर का झाला, हे विचारता येत नाही गं. यायचं सोडलं तर रुसताही येत नाही. तू पैसे घे. म्हणजे मला हक्कानं वाट बघता येईल.

विद्यार्थिनी: ...एका जेवणाचे दीडशे.

बाई: मान वर करून सांग.

विद्यार्थिनी: दीडशे, बाई.

बाई: महाग आहेस! पण ठरलं. जेवताना बोलतेस ना?

विद्यार्थिनी: त्यावरून तर आईची रोज बोलणी खाते.

बाई: मग लवकर ये.