नीलूचा ओवा

ओव्याचं नाव काढलंत म्हणून सांगते. माझे थोरले भाऊ, दादा, झाशीला रेल्वेत हेडक्लार्क होते. त्यांची मुलगी नीलू कॉलेजात ओव्याच्या तेलावर संशोधन करायची. एकदा तिने दादांना प्रयोगशाळेतली काचेची बशी दाखवली. नासक्या अन्नातले जंतू त्या बशीत वाढवले होते, आणि तेलाच्या थेंबाभोवतीचे सगळे मेले होते. दादांना कोण अभिमान!

पुढे झाशीकडच्याच गरौठा गावातल्या एका लग्नातलं पनीर त्यांना बाधलं. जुलाब, ताप. नीलू परगावी होती. वहिनी म्हणाली, "डॉक्टरकडे चला." दादा म्हणाले, "घरात औषध असताना?" आणि तीन दिवस ओव्याचा काढा पीत राहिले.

नीलू आली तेव्हा त्यांना उभंही राहवत नव्हतं. ती रडत म्हणाली, "बाबा, ते बशीत मरतात हो! पोटातले मरतील असं मी कधी म्हटलं?"

इस्पितळात डॉक्टर चिडले, "इतनी देर क्यों की?"

नीलू बोलायच्या आधी दादाच हसून म्हणाले, "दवा चल रही थी, साहब. बिटिया की खोज है."

अंगातलं पाणी संपून मूत्रपिंडं बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी दादा गेले. नीलूने संशोधन पुरं केलं, पण पदवी घ्यायला समारंभाला गेली नाही.