छत्तीस फुटांचं घर

आर्डिस: कॉफी कपात नाही पडली, वेंडल. टेबलावर पडली. सगळी.

वेंडल: हात घसरला.

आर्डिस: काल पायरीवर पाय घसरला, परवा कपाटाच्या दारावर कपाळ घसरलं. माझ्याकडे बघ. माझ्याकडे म्हणतेय, खिडकीकडे नाही.

वेंडल: बघतोय की.

आर्डिस: माझ्या हातात काय आहे?

वेंडल: फडकं.

आर्डिस: त्या हातात नाही. ह्या.

वेंडल: चमचा.

आर्डिस: काही नाहीये ह्या हातात. रिकामा आहे.

वेंडल: बरं. ऐक, आरडाओरडा करू नकोस. डाव्या डोळ्यात खालून काहीतरी चढतंय. राखाडी. नाकाच्या बाजूनं.

आर्डिस: कधीपासून?

वेंडल: आज उठलो तेव्हापासून.

आर्डिस: आणि त्याआधी?

वेंडल: त्याआधी नुसत्या विजा चमकायच्या. कडेला. चारेक दिवस. आणि काळे ठिपके. मला वाटलं वाळू गेली असेल.

आर्डिस: चार दिवस! इथं नाताळापासून आभाळात कापसाएवढा ढग नाही, आणि ह्याच्या डोळ्यात विजा चमकतायत, आणि हा मला सांगतो वाळू! बस. खाली बस. मी जोलीनला हाक मारते.

वेंडल: तिला कशाला? पाय प्लॅस्टरमध्ये आहे तिचा.

आर्डिस: पाय आहे, डोकं नाही. तीस वर्षं नर्स होती ती. जोलीन! अगं जोलीन, ये जरा! लवकर!

जोलीन: आले, आले. दगडगोट्यांतून कुबड्यांवर यायचं म्हणजे... काय झालं? रंग का उडालाय तुझा?

आर्डिस: ह्याला विचार. मला सांगायला ह्याला चार दिवस लागले.

जोलीन: वेंडल, उजवा डोळा झाक. समोर बघ. माझा चेहरा पूर्ण दिसतो?

वेंडल: हनुवटी नाही. बाकी दिसतेस. थोडी पाण्यातून बघितल्यासारखी.

जोलीन: आता डावा झाक.

वेंडल: उजव्याचं विचारूच नकोस. बर्फ काढायच्या गाड्यांवर होतो तेव्हा गॅरेजात पोलादाची कपची उडाली होती त्यात. माणूस उभा आहे एवढं कळतं. कोण ते नाही.

जोलीन: म्हणजे हा डावाच काय तो कामाचा?

वेंडल: हाच.

जोलीन: आर्डिस, तुझा फोन दे. फीनिक्सला डोळ्यांच्या सर्जनकडे लावते. डोळ्याचा पडदा सुटतोय त्याचा. भिंतीवरचा कागद ओल येऊन सुटतो ना, तसा. मधोमध पोचायच्या आत चिकटवला तर नजर वाचते.

आर्डिस: आणि पोचला तर?

जोलीन: आधी फोन लावू दे.

आर्डिस: वेंडल, ऐकलंस? भिंतीवरचा कागद.

वेंडल: ऐकलं. कान दोन्ही शाबूत आहेत.

जोलीन: हो... हो, एकाहत्तर वर्षांचे. एकच चांगला डोळा, तोच... बरं. सांगते. आर्डिस, एक वाजेपर्यंत पोचा म्हणतायत. आज दुपारीच ऑपरेशनला आत घेतील. ह्याला आता काही खायला द्यायचं नाही, पाण्याचा घोटही नाही.

आर्डिस: आत्ता किती वाजले?

जोलीन: नऊ वाजून दहा.

आर्डिस: सव्वाशे मैल. तुझा पिकअप?

जोलीन: आमचा रॉजर घेऊन गेलाय. सकाळी सहालाच निघाला, सीमेपलीकडे मेक्सिकोत, दात बसवायला. वाळवंटात राहून दात बसवायला त्याला आजचाच दिवस सापडला.

आर्डिस: बाकीचे?

जोलीन: गाड्यांचा सगळा तळ गावात दगडांच्या प्रदर्शनाला गेलाय. दुसऱ्या तळावर जाऊन कोणाला गाठायचं, समजवायचं, तास जाईल. ॲम्ब्युलन्स जवळच्या इस्पितळात नेईल, तिथं डोळ्याचा सर्जन नाही. मग तिथून दुसरी मागवा. तू चालव.

आर्डिस: काय चालवू?

जोलीन: हे. ज्यात उभी आहेस ते, तुमचं चाकांवरचं घर.

वेंडल: ती नाही चालवत.

जोलीन: लायसन्स आहे ना?

वेंडल: लायसन्स आहे. पण सहा वर्षांत एकदाही हात लावला नाही तिनं. छत्तीस फूट आहे हे, जोलीन, बागेतली ढकलगाडी नाही. मी चालवतो. ह्या डोळ्याला अजून वरचा अर्धा रस्ता दिसतोय.

आर्डिस: वरच्या अर्ध्यात आभाळ असतं, वेंडल.

वेंडल: तू सांगत जा, मी चालवत जाईन.

आर्डिस: नाही.

वेंडल: आर्डिस—

आर्डिस: नाही म्हटलं. किल्ली दे. जोलीन, बाहेरचं कापडी छत गुंडाळायला मदत करशील? नको, तू नको, तू पायाला जप. मीच करते. वेंडल, ही सरकती भिंत आत घ्यायचं बटण कुठलं, वरचं की खालचं?

वेंडल: वरचं. आधी जॅक नको उचलूस. आधी भिंत, मग जॅक. आणि गॅसची टाकी बंद कर. आणि फ्रिजचं दार अडकव. खुर्च्या बाहेर राहिल्यात.

आर्डिस: खुर्च्या राहू देत.

जोलीन: खुर्च्या मी बघते. जा तुम्ही.

आर्डिस: तूही चल ना. मला बरं वाटेल.

जोलीन: नको. गाडीत तीन माणसं म्हणजे तीन हुकूम. मी इथून दवाखान्याशी बोलत राहते, त्यांना सांगते तुम्ही निघालात. आणि वेंडल, तोंड शक्य तितकं बंद ठेव.

वेंडल: डॉक्टरनं सांगितलंय का?

जोलीन: मी सांगतेय.

(गाडी हायवेवर आहे.)

आर्डिस: माझे हात घामानं निसटतायत स्टिअरिंगवरून. किती मोठं आहे हे! एवढं मोठं का आहे?

वेंडल: झोपायची खोली मागे आहे म्हणून.

आर्डिस: विनोद नको.

वेंडल: बरं. लेनच्या मधोमध आहेस का?

आर्डिस: मला काय माहीत? मला फक्त काच दिसतेय, आणि काचेत सगळा ॲरिझोना.

वेंडल: डाव्या आरशात बघ. पांढरी रेघ आणि आपलं मागचं चाक, मध्ये किती जागा आहे?

आर्डिस: हातभर.

वेंडल: उजव्यात?

आर्डिस: तेवढीच. जरा जास्त.

वेंडल: मग मधोमध आहेस. पंचावन्नच्या वर नेऊ नकोस. वारा कुठून आहे?

आर्डिस: झुडपं माझ्या बाजूला, डावीकडे वाकलीयत. उजवीकडून.

वेंडल: मग ट्रक डावीकडून पुढे जाईल तेव्हा आधी ढकलेल, मग ओढेल. घाबरून उलटं फिरवू नकोस. नुसतं धरून ठेव.

आर्डिस: आलाय एक. आरशात. दोन डब्यांचा आहे. वेंडल, हा आपल्यावर येतोय!

वेंडल: तो त्याच्या लेनमध्ये आहे. धर.

आर्डिस: ओढतोय! ओढतोय मला!

वेंडल: ओढू दे. धर. धर. गेला?

आर्डिस: गेला.

वेंडल: श्वास घे.

आर्डिस: तू घे. हे समोरचं घड्याळ दिसतंय?

वेंडल: दिसतंय.

आर्डिस: किती वाजले?

वेंडल: आकड्यांची डोकी दिसतायत. दहा वाजून... पुढचा तीन असेल, नाहीतर दोन.

आर्डिस: तीन आहे. सकाळी तुला जोलीनची हनुवटी सोडून सगळं दिसत होतं.

वेंडल: माझ्याकडे नको बघूस. रस्त्याकडे बघ.

आर्डिस: मधोमध आला का पडदा?

वेंडल: अजून नाही.

आर्डिस: खरं सांग.

वेंडल: अजून नाही, आर्डिस. थोडा वर आलाय. मध्ये अजून उजेड आहे.

आर्डिस: चार दिवस का लपवलंस? माझ्यापासून का?

वेंडल: चालवताना बोलू नये.

आर्डिस: मी बोलले नाही तर किंचाळेन. सांग.

वेंडल: क्रिस्टाचं तळघर.

आर्डिस: काय?

वेंडल: मी चालवू शकत नाही म्हटलं, की पोरगी आपल्याला फार्गोला नेणार. खोली तयारच ठेवलीय तिनं. छताला टेकलेली एक खिडकी, त्यातून बर्फ आणि लोकांचे बूट दिसतात. एकतीस वर्षं बर्फ ढकलला मी. मरेपर्यंत त्याच्याखाली बसायचं नाही मला. वाटलं, एप्रिलपर्यंत ढकलू. मग बघू.

आर्डिस: आंधळा होऊन ढकलणार होतास?

वेंडल: एवढा विचार नव्हता केला.

आर्डिस: आणि मी शेजारी बसलेली असणार होते. ताशी साठ मैलांनी. तुझ्या एका सुटलेल्या डोळ्याच्या भरवशावर.

वेंडल: चुकलं.

आर्डिस: आणि तुला कधी वाटलं नाही, की मीही चालवू शकेन?

वेंडल: तूच सोडलंस ना, किल्ली टेबलावर ठेवलीस त्या दिवशी. वायोमिंगला.

आर्डिस: मी ठेवली? पेट्रोल पंपाच्या खांबाला जरासं घासलं, तर तू खाली उतरून अख्ख्या पंपासमोर ओरडलास, "बाई, तू शाळेच्या स्वयंपाकघरातच बरी होतीस!" तो पैसे घेणारा माणूस हसला. त्याची बायको हसली. मी तीनशे मुलांचा स्वयंपाक केलाय रोज, चाळीस लिटरची पातेली एकटीनं उतरवलीयत, आणि मला त्या माणसाची बायको हसली!

वेंडल: वेग कमी कर. सत्तरला गेलीस.

आर्डिस: जाऊ दे!

वेंडल: इंजिनचा आवाज ऐकून सांगतोय. कमी कर.

आर्डिस: केला.

वेंडल: मी लाजलो होतो. गाडी महिन्याभराची होती, आणि त्या आधीच्या आठवड्यात मी स्वतःच मागचा बंपर ठोकला होता. तुला सांगितलं नव्हतं. दगडाला लागला म्हणालो होतो.

आर्डिस: तो दगड तू होतास?

वेंडल: मी होतो. तुझ्यावर ओरडलो ते वाईट केलं. सहा वर्षं झाली, रोज आठवतं असं नाही म्हणणार. पण तू उजव्या सीटवर बसून बाहेर बघत राहायचीस, तेव्हा आठवायचं.

आर्डिस: आता डोळे मीट आणि मान टेकव. हलवू नकोस. थांब, पुढे नारिंगी खांब लावलेत. काम चालू आहे. उजवी लेन बंद होतेय! वेंडल, मला डावीकडे जायचंय आणि डावीकडे गाड्याच गाड्या आहेत!

वेंडल: मला काही दिसत नाही, आर्डिस. तूच सांग. इंडिकेटर लावलास?

आर्डिस: लावला. कोणी थांबत नाहीये.

वेंडल: थांबतील. तू मोठी आहेस. आरशात सांग, एकेक.

आर्डिस: लाल गाडी. गेली. पांढरी... गेली. मागे पिकअप आहे, लांब आहे जरा. खांब जवळ येतायत!

वेंडल: पिकअपचे दोन्ही दिवे आरशात पूर्ण दिसतात?

आर्डिस: दिसतात.

वेंडल: मग जा. सावकाश. अर्ध्यात थांबू नकोस.

आर्डिस: जातेय. जातेय. हॉर्न वाजवतोय.

वेंडल: वाजवू दे.

आर्डिस: गेले. गेले मी! मागचं टोकही आलं आत. वेंडल? वेंडल, बोल काहीतरी.

वेंडल: आता घड्याळ दिसत नाहीये.

आर्डिस: अजिबात?

वेंडल: जरा वर बघितलं की कडा दिसते.

आर्डिस: सतरा मैल राहिलेत. सतरा. बोलत राहा. काहीही बोल. पुढचं वळण कसं घ्यायचं ते सांग.

वेंडल: नाक कोपऱ्याच्या पार पुढे जाऊ दे. वाटेल आता समोरच्या भिंतीत घुसते. तेव्हा फिरव, आधी नाही.

आर्डिस: भिंतीत घुसते वाटलं की फिरवायचं.

वेंडल: तुला आवडेल ते.

आर्डिस: संपले सतरा मैल. ही आली गल्ली. नाक पुढे... पुढे... फिरवतेय. वळलं! दवाखाना दिसतोय. दारावर छप्पर आहे, त्याच्याखाली जाणार नाही हे. रस्त्यातच उभी करते.

वेंडल: रस्ता अडेल.

आर्डिस: अडू दे. बारा वाजून वीस मिनिटं झाली. तो रखवालदार हात हलवत येतोय, त्याला मी बघते. तू माझा हात धर. पायरी आहे. आणखी एक. सोडू नकोस मला.

(बारा दिवसांनी, फीनिक्सच्या कडेला गाड्यांच्या तळावर, दुपारी. ऑपरेशननंतर वेंडलला मान खाली ठेवायला सांगितलंय.)

वेंडल: कोणाचा फोन होता?

आर्डिस: क्रिस्टाचा. रडत होती. मग ओरडत होती. तुझीच मुलगी.

वेंडल: तळघराचं बोलली?

आर्डिस: नवा गालिचा घातलाय म्हणाली.

वेंडल: तू काय सांगितलंस?

आर्डिस: मान वर नको करूस एकदम. सांगितलं, उन्हाळा लागला की येऊ. दोन आठवडे राहू. भेटायला.

वेंडल: सतराशे मैल आहेत. वाटेत डोंगर. पडदा दाबून धरायला डोळ्यात भरलेला वायू पूर्ण जाईपर्यंत उंचावर जायचं नाही, डॉक्टरनं बजावलंय.

आर्डिस: मग जाईपर्यंत थांबू.

वेंडल: आणि नजर कितपत येईल ते त्यालाही माहीत नाही. पडदा चिकटलाय एवढंच म्हणतो. मधल्या भागाचं नंतर कळेल म्हणतो. मी कदाचित पुन्हा चालवणारच नाही, आर्डिस.

आर्डिस: मला माहीत आहे.

वेंडल: तुला भीती नाही वाटत?

आर्डिस: वाटते. पहाटे जाग येते आणि तो ट्रक पुन्हा आरशात येतो. काल पाणी भरायला गेले, तर परत ह्या जागेत गाडी मागे घ्यायला चार वेळा प्रयत्न करावा लागला. दोन माणसं खुर्च्या टाकून बघत होती.

वेंडल: हसली?

आर्डिस: एक हसला. मी त्याला खाली उतरून म्हटलं, उठ आणि मागे उभा राहून हात दाखव. राहिला.

वेंडल: मी ऐकत होतो. उशीत तोंड खुपसून. चौथ्या वेळी नीट आली.

आर्डिस: तिसऱ्यांदाही आली असती. तू आतून ओरडलास.

वेंडल: हं. आर्डिस, इकडे ये. समोर बस. इथं, उजेडात.

आर्डिस: काय होतंय? विजा?

वेंडल: विजा नाहीत. तो बुडबुडा खाली चाललाय. काल सगळं पाण्याखाली होतं, आज वरून उघडं पडतंय. हलतंय जरा.

आर्डिस: मी दिसते? वेंडल, खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.

वेंडल: केस दिसतात. कपाळ. भुवयांपर्यंत आलीस.

आर्डिस: स्पष्ट?

वेंडल: डावी भुवई वर केलीस तू आत्ता.