बाराचे पाच

सर्किट चाललं. पण हे तुम्ही अजून वाचलेलं नाही. रामघाटावरून नाव सुटली, तेव्हा ते समोरच्या मुलीच्या मांडीवर बिघडलेलंच होतं आणि शेजारी तिची आत्या होती.

“आत्या, बॅटरीचे बारा व्होल्ट आत गेले की बाहेर पाच यायला हवेत. मीटरवर नऊ येतायत.”

“जास्तच देतंय की, मालविका!”

“अगं, तासाभरात परीक्षा आहे, नापास होईन! काल तर अगदी ठीक होतं.”

“सकाळी पूजा केली तेव्हाही काही तक्रार नव्हती त्याची.”

“कसली पूजा?”

“नव्या वस्तूची करतो तशी. कुंकू लावलं.”

“कुठे?”

“त्या दोन बारीक ठिपक्यांवर. भिजवून लावलं, नाहीतर टिकत नाही.”

“आत्या! त्या दोन्हींवरूनच सर्किट ठरवतं, किती व्होल्ट द्यायचे! ओल्या कुंकवातून करंट गळतोय. तुझ्या इन्सुलिनच्या डब्यातला स्पिरिटचा कापूस दे.”

“घे. देवा, पुसतेय ती, मी नाही.”

“आठ... सहा... पाच! आत्या, पाच!”

नावाड्याने वल्ही सोडून टाळ्या वाजवल्या. नाव आडवी झाली, कुणाचीच हरकत नव्हती.

“आता तुझ्या सरांना अर्ज लिही. पुढील सत्रापासून प्रत्येक सर्किटवर कुंकवासाठी स्वतंत्र जागा राखून ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती. खाली माझी सही.”