मेणातले नूडल्स

आमच्या भाऊची गिटार स्पीकरला जोडली की शिट्ट्या मारायची, ऐका. ऑर्केस्ट्रावाले म्हणाले, "अजून एक शिट्टी वाजली तं घरी बस." भाऊनं अहेरीच्या बाजारातून मधाच्या पोळ्याचं मेण आणलं, गंजात, म्हणजे आमच्या पातेल्यात, वितळवलं आणि गिटारच्या तारांखालचा, आवाज पकडणारा पिकअप त्यात बुडवला. शिट्टी बंद! मी भुकेला, त्याच गंजात, न धुता, दोघांसाठी नूडल्स शिजवले. पहिल्याच घासाला दात चिकटले.

"मारू नको, भाऊ!"

"काऊन मारू? खाय. आता पोटातूनबी शिट्टी नाई वाजत."

त्यानं ताटली पुसून खाल्ली.

भाऊ वारून महिना झाला. काल त्याच गंजात सवयीनं नूडल्सच्या दोन पुड्या टाकल्या. सगळं खाल्लं. दात काही चिकटले नाहीत.